‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये सत्ता नेमकी शोधायची कुठे?

तुम्ही विचारलंय: एम.ए.ला नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या या कादंबरीवर ‘ओळख आणि सत्ता’ असा निबंध लिहायचाय, पण सैद, भाभा, स्पिवाक हे वसाहतवादावर लिहिणारे सिद्धांतकार वाचून गोंधळच वाढला. सुरुवात कुठून करू?

तिघांनाही तूर्त कपाटात ठेवा. कादंबरी (१९५८) दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने आखा: प्रकरण, बोलतं कोण, आणि ते बोलणं समोरच्यापर्यंत पोचवतं कोण. खरं काम तिसऱ्या रकान्यात आहे.

प्रकरण २३ घ्या. इंग्रज जिल्हा आयुक्त उमुओफिया या इग्बो लोकांच्या गावातल्या सहा प्रमुखांना बोलणी करायला म्हणून बोलावून अटक करतो आणि गावाला २०० पोती कवड्यांचा दंड ठोठावतो. कोर्टाचे शिपाई गावात येऊन २५० सांगतात. वरची ५० त्यांच्या खिशात. गावाला हे कळत नाही, कारण साहेबाची भाषा गावाला येत नाही. वसाहतीची सत्ता म्हणजे फक्त बंदूक नव्हे, मधल्या माणसाची जीभही, हे या एका प्रसंगावरून दोन पानं लिहून दाखवता येतं. सोबत प्रकरण १६ मधला दुभाषा जोडा. तोही इग्बोच, पण बोली वेगळी. ‘मी स्वतः’ म्हणायला जातो आणि लोकांना ‘माझं ढुंगण’ ऐकू येतं. लोक हसतात, पण नायक ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये मात्र त्या नव्या, ख्रिस्ती धर्माच्या गाण्याने ओढला जातो.

नेहमीची चूक म्हणजे पहिली १३ प्रकरणं ‘पार्श्वभूमी’ म्हणून उरकणं आणि गोरे येण्याआधीचा गाव स्वर्ग होता असं लिहिणं. जुळी मुलं रानात टाकली जातात, खुनाची भरपाई म्हणून दुसऱ्या गावाने दिलेल्या इकेमेफुना या मुलाला मारलं जातं, हे तिथेच आहे. पुढे चर्चमध्ये ओसू, म्हणजे देवाला वाहिलेले आणि वाळीत टाकलेले लोक, का जातात ते त्याशिवाय समजत नाही. इथे मराठी विद्यार्थ्याला १९५६चं धर्मांतर आठवणारच. तुलना जरूर करा, पण फरक लिहा: ते राज्यकर्त्यांच्या धर्मात झालं नव्हतं.

आता सिद्धांत. एकच निवडा. शेवटच्या प्रकरणात आयुक्त ओकोन्क्वोच्या अख्ख्या आयुष्याला आपल्या पुस्तकात एक परिच्छेद पुरे असं ठरवतो. पाश्चात्त्य लेखन वसाहतीतल्या लोकांचं चित्र आपल्या सोयीने कसं रंगवतं, हे सांगणारा सैद (‘ओरिएंटलिझम’, १९७८) तिथे आपोआप बसतो. ज्यांचा आवाज ऐकूच येत नाही त्यांच्याबद्दल लिहिणारी स्पिवाक हवी असेल तर इकेमेफुनासोबत नुकसानभरपाई म्हणून दिलेली मुलगी शोधा. दुसऱ्या प्रकरणात ती एका माणसाच्या मेलेल्या बायकोच्या जागी दिली जाते. तिला नावसुद्धा नाही. भाभाच्या ‘नकले’साठी, म्हणजे वसाहतीतला माणूस साहेबाची अर्धवट नक्कल करतो या कल्पनेसाठी, ही कादंबरी मला तरी तोकडी वाटते, ओढूनताणून बसवू नका.

लेखकाने कोणत्या भाषेत लिहावं या प्रश्नावर केनियाचे लेखक गुगी वा थिओंगो यांचं १९८६चं ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’ इंग्रजीतून लिहिणाऱ्या अचेबेंच्या समोर ठेवा. गुगींच्या जागी भालचंद्र नेमाड्यांचा देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून यावं हा विचार, घालून मोकळं होऊ नका. दोघांचा रोख जवळचा वाटला तरी गुगींचा मुद्दा इंग्रजीतून कथा-कादंबऱ्या लिहिणंच सोडण्याचा आहे, नेमाड्यांना मराठीत तो प्रश्न तसा पडलेलाच नाही.

संदर्भ देताना पानासोबत प्रकरण क्रमांकही द्या. आवृत्तीगणिक पानं बदलतात आणि तपासणाऱ्याच्या हातात तुमचीच आवृत्ती असेल असं नाही.