'टाइम झोन'ला प्रमाणवेळ म्हटलं, तर 'ऑफसेट'ला काय म्हणायचं?

विचारणा गोव्यातल्या फोंड्याहून आली आहे. होमस्टेच्या बुकिंगचं अ‍ॅप मराठीत आणताना भाषांतरकाराने 'टाइम झोन' आणि 'टाइम झोन ऑफसेट' या दोन्ही रकान्यांवर 'प्रमाणवेळ' लिहिलं. ते चालेल का? नसेल, तर ऑफसेटला 'अंतर' म्हणावं का?

दोन्हींना एकच शब्द चालणार नाही. पहिल्याला 'प्रमाणवेळ' ठीक, दुसऱ्याला 'वेळेतला फरक', कारण एखाद्या ठिकाणची घड्याळं यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या सामायिक संदर्भवेळेच्या, किती पुढे किंवा मागे आहेत ते ऑफसेट सांगतो. 'अंतर' नकोच. बुकिंगच्या पडद्यावर 'अंतर ५:३०' दिसलं की माणूस किलोमीटर शोधायला लागेल. 'तफावत'ला हिशेबातल्या गडबडीचा वास आहे, आणि नुसतं 'ऑफसेट' ठेवलं तर आपल्याला लग्नपत्रिकांचा छापखाना आठवतो.

या बाबतीत मराठीने आयतीच सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे 'वेळ' दोन लिंगांत चालतो. 'बस सुटायची वेळ झाली' ही ती वेळ, म्हणजे घड्याळावरचा एक बिंदू. 'बसला फार वेळ लागला' हा तो वेळ, म्हणजे दोन बिंदूंमधली लांबी. ऑफसेट हा 'तो' आहे. 'ती'मध्ये 'तो' मिळवला की दुसरी 'ती' मिळते, एका 'ती'मधून दुसरी वजा केली की 'तो' उरतो, आणि दोन 'तीं'ची बेरीज करण्यात काही अर्थच नसतो. तारखांचा कोड लिहितानाही नेमका हाच नियम पाळायचा असतो. गोव्यात मात्र जरा जपायला हवं. कोकणीत 'वेळ जालो' म्हणतात, त्यामुळे इथल्या मराठीतही 'निघायचा वेळ झाला' सर्रास येतं. बोलण्यात काही बिघडत नाही, पण बटणावर 'चेक-इनचा वेळ' लिहिलं तर चेक-इनला किती वेळ लागतो ते सांगताहेत असं वाटेल.

आता मूळ मुद्दा. प्रमाणवेळ हे नियमांच्या गाठोड्याचं नाव आहे आणि फरक हा त्या नियमांतून एखाद्या दिवशी निघणारा आकडा. भारतात हा आकडा बदलत नाही, म्हणून दोन्ही एकच वाटतात. लिस्बन घ्या. तिथल्या एजंटाशी दर रविवारी, तिथल्या दुपारी बारा वाजता बोलायचं ठरलं आहे. २२ मार्च २०२६ रोजी फरक शून्य, म्हणजे गोव्यात संध्याकाळचे साडेपाच. २९ मार्चला पहाटे तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, फरक अधिक एक तास होतो, आणि तीच दुपार गोव्यात साडेचारला येते. अ‍ॅपने प्रमाणवेळेचं नाव न ठेवता '+००:००' एवढंच साठवलं असेल, तर यजमान साडेपाचला फोन लावतो आणि एजंट तासभर वाट बघून उठून गेलेला असतो. फोंड्यात बसून भारतीय वेळांवर कितीही चाचण्या केल्या तरी ही चूक सापडत नाही. आकडा फक्त उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतो असंही नाही: पोर्तुगालने १९९२ ते १९९६ या काळात चक्क मध्य युरोपची वेळ पाळली होती. म्हणून पुढच्या भेटींसाठी तिथली घड्याळी वेळ आणि संगणकाच्या प्रमाणवेळांच्या यादीतलं 'युरोप/लिस्बन' हे नाव साठवावं. होऊन गेलेल्या घटनेसाठी, उदाहरणार्थ पैसे जमा झाल्याचा क्षण, यूटीसी पुरे.

विचारणेत नसलेला, पण याच पडद्यावर हमखास येणारा शब्द म्हणजे 'लोकल टाइम'. त्याला 'स्थानिक वेळ' करू नका. शाळेच्या भूगोलात स्थानिक वेळ म्हणजे सूर्यावरून, रेखांशावरून ठरणारी वेळ, एका अंशाला चार मिनिटं. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखांशाची, पणजी ७४ अंशांच्या जरा अलीकडे. त्यामुळे पणजीची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असते. अ‍ॅपला ती नको आहे, त्याला 'तुमच्या इथली वेळ' म्हणायचं आहे. हा फरक काही पोथीतला नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या पायटीझेड लायब्ररीत 'एशिया/कोलकाता' हे त्या यादीतलं भारताचं नाव तारखेला थेट टीझेडइन्फो, म्हणजे प्रमाणवेळेची माहिती, म्हणून दिलं, तर फरक ५:३० ऐवजी ५:५३ येतो. ती त्या नोंदीतली सर्वांत जुनी, म्हणजे कोलकात्याची स्थानिक वेळ! तिथे त्याच लायब्ररीतलं 'लोकलाइझ' हे फंक्शन वापरावं, किंवा सरळ झोनइन्फो या नव्या लायब्ररीकडे वळावं.

फरक लिहिण्याचीही एक खोड आहे. आपण साडेपाच '५.३०' असे लिहितो. हाच मजकूर तासांच्या दशांश रकान्यात गेला की संगणकाच्या लेखी पाच तास अठरा मिनिटं होतात, आणि सगळ्या वेळा बारा मिनिटांनी सरकतात. रकाना पूर्णांकी असेल तर साडेच गळून पडतात. मिनिटांत साठवा: आपले ३३०, नेपाळचे पावणेसहा तास म्हणजे ३४५. आज जगात चालू असलेले सगळे फरक पाव तासाच्या पटीत आहेत, तेव्हा पडद्यावर सव्वा, साडे, पावणे खुशाल वापरा.

चिन्हापेक्षा 'पुढे' आणि 'मागे' हे शब्द बरे. जावास्क्रिप्टचं गेट-टाइमझोन-ऑफसेट हे फंक्शन भारतात उणे ३३० देतं, कारण यूटीसी काढण्यासाठी इथल्या वेळेत किती मिळवायचं ते ते सांगतं. तो आकडा तसाच छापला तर भारत ग्रिनिचच्या मागे जातो. 'यूटीसीच्या साडेपाच तास पुढे' यात घोळ होत नाही. 'आयएसटी' टाळा, इस्रायल आणि आयर्लंडही तेच अक्षर-त्रिकूट वापरतात.

राहता राहिलं 'एशिया/कोलकाता'. गोव्याच्या पाहुण्याला कोलकाता कशाला, म्हणून भाषांतराच्या फाइलीत ते 'एशिया/पणजी' करण्याचा मोह होईल. असं नाव यादीत नाही, आणि ते कोडमध्ये पोचलं तर प्रोग्राम तिथेच अडेल. कोड ज्यावरून प्रमाणवेळ शोधतो ती ही किल्ली आहे, तिला हात लावू नका. तिच्यासमोर दिसणारं लेबल 'भारतीय प्रमाणवेळ' करा.