नाव मोठं आहे, पण तिथे आमच्या मुलीकडे कोण बघणार?

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीची पहिली गुणवत्ता यादी लागेपर्यंत माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांची काळजी बहुतेक वेळा एकच असते. मुलाला गुण चांगले असतात आणि मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या अनुदानित कॉलेजात नंबर लागेल अशी आशा असते. वडील म्हणतात, एवढं कॉलेज मिळत असताना सोडायचं कसं? आई म्हणते, तिथे हजारो मुलं, आमच्या लेकराची विचारपूस कोण करणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, म्हणून घरातला वाद मिटत नाही.

भांडुपचं असंच एक कुटुंब आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी मराठी शाळेतली, सेमी इंग्रजीची, ९३ टक्के. दहावीच्या वर्गात जेमतेम चाळीस मुलं, त्यामुळे सगळ्या बाई तिला घरच्या नावानं हाक मारायच्या. तिला बायोलॉजी घेऊन सायन्सला जायचं होतं. एकीकडे माटुंग्याचं मोठं कॉलेज, दुसरीकडे घरापासून चालत जाता येईल असं छोटं कनिष्ठ महाविद्यालय. शिवाय एका क्लासवाल्यांनी ‘इंटिग्रेटेड’ची भुरळ घातली होती: प्रवेश कुठेतरी नावाला घ्यायचा आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं. तो पर्याय मुलीलाच नको होता, तेव्हा त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

वडिलांच्या हातात एक कागद होता. रुईया, रुपारेल, वझे-केळकर, साठ्ये अशी नावं आणि समोर मागच्या वर्षीचे कटऑफ, वरून खाली उतरत्या क्रमानं. त्यांच्या मते हीच कॉलेजांची प्रतवारी होती.

मी आधी तो कागद घेतला. कटऑफ म्हणजे त्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. किती मुलांनी ते कॉलेज मागितलं आणि जागा किती होत्या, एवढंच त्यातून कळतं. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडीचा आकडा वेगळा, विनाअनुदानितचा वेगळा. खुल्या प्रवर्गाचा वेगळा, आरक्षित जागांचा वेगळा. पहिल्या फेरीचा आणि तिसऱ्या फेरीचाही वेगळा. वडिलांच्या कागदावर हे सगळं एकत्र झालं होतं. बारावीच्या निकालाचंही तसंच. नव्वदच्या वरची मुलं घेतली तर निकाल चांगला लागणारच. त्यात कॉलेजनं शिकवलं किती आणि मुलं घरून घेऊन आली किती, हे त्या टक्केवारीवरून ओळखता येत नाही.

हा पेच फक्त मुंबईचा नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंट नावाचं सरकारी हायस्कूल आहे. तीन हजारांहून जास्त मुलं, फी नाही, प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. तिथलेही पालक याच दोन बाजूंनी भांडतात. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या अशा शाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कटऑफच्या अगदी थोडं वर राहून आत गेलेली मुलं आणि थोडक्यात हुकलेली मुलं, यांची त्यांनी तुलना केली. पुढच्या परीक्षांच्या गुणांत दोघांमध्ये फारसा फरक सापडला नाही. मी हे आईवडील दोघांनाही सांगितलं, कारण ते दोघांनाही लागू होतं. नुसत्या नावानं मूल वर जात नाही, आणि मोठ्या गर्दीत गेलं म्हणून बुडतही नाही.

एक गोष्ट मात्र होते, आणि ती आधीच सांगावी लागते. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून दाखवून दिलंय की, आजूबाजूला सगळेच हुशार असले की तेवढ्याच कुवतीचं मूल स्वतःला कमी लेखायला लागतं. शाळेत पहिली-दुसरी येणारी मुलगी अशा कॉलेजात अचानक मधली होते. तिची बुद्धी तीच असते, शेजारी बसणारी मुलं बदललेली असतात. पहिल्या चाचणीनंतर हे होणार, असं मी तिघांसमोर स्पष्ट बोलले.

मग मुलीशी एकटीशी बोलले. शाळेत एखादी गोष्ट समजली नाही की काय करायचीस? ती म्हणाली, “काही करावं लागायचं नाही. माझा चेहरा बघून बाई स्वतःच यायच्या.”

माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न इथे होता. शंभराच्या वर मुलांच्या तुकडीत कुणी चेहरा बघून येत नाही, आपण उठून जावं लागतं. काही मुलांना ते जमतं, काहींना जमत नाही, आणि बऱ्याच जणांना सवयीनं जमतं. तिला जमेल का, हे घरी बसून ठरणार नव्हतं. म्हणून मी तिला दोन्ही कॉलेजं बघून यायला सांगितलं. आईबाबा फाटकाबाहेर थांबतील, बोलायचं हिनं. बारावीचे वर्ग सुरू झाले होते. विचारायचं बारावीच्या मुलांना, त्यातही मराठी शाळेतून आलेल्या आणि साधारण हिच्याइतकेच गुण असलेल्यांना. प्रॅक्टिकल खरंच होतात का? चाचणीचे पेपर परत मिळतात का? नापास झालं तर कोण बोलावतं? लेक्चर संपल्यावर सर भेटतात का, आणि कुठे?

ती परत आली ती बरंच काही घेऊन. माटुंग्याच्या कॉलेजात वर्गात मागे बसलं तर वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही, असं मुलींनी तिला सरळ सांगितलं. पण प्रॅक्टिकलला तुकडीच्या छोट्या बॅचेस पाडतात, त्या नियमानं होतात आणि तिथले सर नावानं ओळखतात. मराठी वाङ्मय मंडळात मराठी शाळांतली बरीच मुलं असतात आणि ती एकमेकांना नोट्स देतात. छोट्या कॉलेजात पटावर मुलं कमी होती, पण वर्गात त्याहून कमी. प्रयोगशाळेला कुलूप होतं. तिथल्या एका शिक्षिकेनंच सांगितलं, मुलं क्लासला जातात, इथे कोण येतं? हे ऐकून आई गप्पच झाली. मुलं कमी म्हणजे लक्ष जास्त, हे तिनं धरून ठेवलं होतं.

मोठ्या कॉलेजची पारख करताना मी हेच शोधायला सांगते: त्या गर्दीच्या आत आपल्या मुलाला ओळखणारी एखादी छोटी जागा आहे का? प्रॅक्टिकलची बॅच, एखादं मंडळ, खेळाचा संघ, ग्रंथालयातला रोजचा कट्टा, काहीही चालेल. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. तेव्हा प्रयोगशाळेतली ओळख गुणांच्या हिशोबातही वाया जात नाही. आणि अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं मानणाऱ्यांना सांगते की इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी असलेल्या एमएचटी-सीईटी परीक्षेत साधारण २० टक्के भाग अकरावीचाच असतो.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फॉर्मचा दुसरा भाग, म्हणजे कॉलेजांची पसंती, भरताना पुन्हा अडलं. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. वडिलांना ते कटऑफच्या उतरत्या क्रमानं भरायचे होते, नाही आवडलं तर पुढच्या फेरीत बघू, या हिशेबानं. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. हे कळल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मुलीला विचारलं, “तू सांग, पहिलं कुठलं?” तिनं माटुंगा सांगितलं, आणि तेच मिळालं.

पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीला पंचवीसपैकी अकरा. आईचा फोन आला, “मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आता काढून जवळ घालू का?” मी विचारलं, पेपर घेऊन ती कुणाकडे गेली होती का? गेली होती, प्रॅक्टिकलच्या सरांकडे. तिला येत होतं, पण इंग्रजीत उत्तर लिहिताना वाक्यं अर्धवट राहत होती, हे त्यांनी दाखवून दिलं. मी आईला म्हटलं, ती स्वतः उठून गेली, म्हणजे तिचं तिथे बरं चाललंय, अकरा गुण असले तरी. आता ती बारावीत आहे. फिजिक्स अजून जड जातं. मंडळाचं काम तिनं सोडलेलं नाही, आणि ते सोडावं की नाही यावर तिच्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्याच मोसमात बदलापूरचा एक मुलगा आला होता. गुण जवळजवळ तेवढेच, घरच्यांचा हट्टही तोच. त्याला मी डोंबिवलीतलं कॉलेज पहिलं टाकायला सांगितलं. माटुंग्याला जायचं तर रोजचे जाऊन-येऊन तीन तास गर्दीच्या लोकलमध्ये, त्यात मूळची तब्येत नाजूक. लेक्चर संपल्यावर सरांसाठी थांबायचं तर लोकलची गर्दी आणखी वाढणार. त्या मोठ्या कॉलेजात जे मिळवायचं ते नेमकं त्या थांबण्यातच होतं, आणि त्याला थांबता आलंच नसतं.

ज्यांच्या घरी आत्ता हा वाद चालू आहे, त्यांनी फॉर्म लॉक करण्याआधी मुलाला एकदा एकट्यानं आत पाठवावं. परत आल्यावर “कॉलेज कसं वाटलं?” असं विचारू नये. “कुणाशी बोललास?” हे विचारावं.