लस, तपासणी की कॅन्सर पॉलिसी? बोनसचे 25,000 कुठे घालावेत

तुमचं पत्र थोडक्यात असं: हातात 25,000 रुपये, मुलगी 14 वर्षं 10 महिन्यांची, तुम्ही 38 च्या. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू; त्याच्या नऊ प्रकारांवरच्या लशीचे मुलीसाठी दोन डोस दवाखान्याने 22,000 सांगितले. घरात कंपनीचा 3 लाखांचा आरोग्य गटविमा आहे आणि एजंट 6,000 हप्त्याची कॅन्सर पॉलिसी गळ्यात मारतोय.

घाई फक्त लशीची. पहिला डोस पंधरावा वाढदिवस होण्याआधी दिला, तर दुसरा सहा महिन्यांनी देऊन भागतं. नंतर सुरू केलं तर तीन डोस, म्हणजे तुमच्याच दवाखान्याच्या दराने 11,000 जास्त. दुसरा डोस लवकर उरकूनही चालत नाही. पाच महिन्यांच्या आत दिला तर तिसरा लागतोच.

मात्र 22,000 मोजायची गरज मला दिसत नाही. आधी सरकारी आरोग्य केंद्रात मुलीच्या वयासाठी मोफत डोस आहे का ते विचारा. नसेल तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस घ्या. 2023 मध्ये ती बाजारात आली तेव्हा डोसची छापील किंमत 2,000 होती. ती 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवर चालते, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे 70 टक्के रुग्ण 16 आणि 18 मुळेच होतात. महाग लस आणखी पाच प्रकार रोखते, हे खरं. पण तिच्यापायी तुमची तपासणी राहणार असेल तर सौदा तोट्याचा.

तुमच्यासाठी एचपीव्ही डीएनए चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या नमुन्यात हा विषाणू आहे का ते बघणं. गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीपेक्षा महाग, पण पॅप दर तीन वर्षांनी करावी लागते. ही निगेटिव्ह आली की पाच वर्षं बघायला नको. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात (2009) ही चाचणी एकदाच देऊ केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पाळीचे दिवस टाळून जा. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढे कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघणं), कधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) लागते, आणि बाह्यरुग्ण खर्च बहुतेक विमे देत नाहीत. त्यासाठी 10,000 बचत खात्यात वेगळे ठेवा.

कॅन्सर पॉलिसी एकाच आजाराची, वर सुरुवातीचे काही महिने दावाच नाही. त्याच हप्त्यात सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचा खर्च 3 लाखांच्या वर गेल्यावर पुढचा भाग देणारा विमा, किती मिळतो ते विचारा, तो सगळ्या आजारांना चालतो. अर्जात हाती आलेला प्रत्येक रिपोर्ट लिहा; लपवलेला रिपोर्ट दाव्याच्या वेळी नडतो. पॉलिसीची वाट बघत चाचणी मात्र लांबवू नका. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

जुनी करप्रणाली असेल तर चाचणीची पावती जपा: प्राप्तिकरात प्रतिबंधक तपासणीसाठी 5,000 पर्यंत वजावट मिळते, रोख भरले तरी. लशीचं बिल त्यात धरू नका.