लॅमिनेटेड काच मायक्रोवेव्हच्या उष्णतेने तयार करता येते का?

तत्त्वतः येते, मात्र ऑटोक्लेव्ह, म्हणजे उष्णता व दाब एकत्र देणारे बंद पात्र, काढून त्याच्या जागी मायक्रोवेव्ह बसवला की काम झाले, इतके ते सरळ नाही. नेहमीच्या पद्धतीत दोन काचांमध्ये पीव्हीबीचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल ब्युटिरालचा, ०.३८ किंवा ०.७६ मि.मी. जाडीचा पारदर्शक थर ठेवतात, रोलरखालून नेऊन मधली हवा बरीचशी काढतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमान व १२ ते १४ बार दाब देऊन तो जोड पक्का करतात. या टप्प्याला काही तास लागतात, कारण उष्णता बाहेरून काचेतून आतल्या थरापर्यंत पोहोचावी लागते. मायक्रोवेव्ह लहरी मात्र काचेत शिरून आतच उष्णता निर्माण करतात, त्यामुळे तापवण्याचा वेळ पुष्कळ वाचतो.

खरी मेख दाबात आहे. ऑटोक्लेव्हमधला दाब उरलीसुरली हवा पीव्हीबीमध्ये विरघळवतो. तो नसेल तर हवा आणि थरातला ओलावा यांचे बुडबुडे होतात. म्हणून काचांमधली जागा आधी निर्वात करून घ्यावी लागते आणि पीव्हीबी अत्यंत कोरडा ठेवावा लागतो.

दुसरे म्हणजे, घरगुती ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे १२ सें.मी. असल्याने मोठ्या काचेवर गरम-थंड पट्टे पडतात आणि काच तडकू शकते. ३० गिगाहर्ट्झला हीच लांबी १ सें.मी.वर येते, त्यामुळे उष्णता अधिक समान पसरते. धातूचा लेप असलेल्या काचेवरून लहरी परावर्तित होतात, तेव्हा तिच्यासाठी हा मार्ग जवळपास बंदच समजावा.