वाचक विचारतात: लेक डिस्ट्रिक्टमध्ये मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला चार रात्री जातोय, गाडी चालवणार नाही, तर विंडरमियरला राहू की केझिकला?

उत्तर: गाडी नाही म्हणताय तर विंडरमियर सोपं पडेल, कारण ऑक्सनहोमला ट्रेन बदलली की थेट तिथपर्यंत रेल्वे जाते, केझिकला रेल्वेच नाही. पण एक गोष्ट बुकिंग करताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, विंडरमियर गाव त्याच नावाच्या तलावाच्या काठावर नाहीये! काठावर आहे ते बोनेस, आणि स्टेशनपासून तिथे उतरत जायचं म्हणजे येताना चढ, आई-बाबांचे गुडघे लक्षात घेऊन रूम बोनेसलाच बघा. तिथून बोटीने अँबलसाइडला जाता येतं, तलाव साधारण १७-१८ किलोमीटर लांब आहे त्यामुळे बोटीत निवांत बसायला मिळतं.

मला विचाराल तर दोन रात्री केझिकला द्याच. ५५५ नंबरची बस विंडरमियरहून ग्रासमियरमार्गे केझिकला जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर काय सांगू, डोळ्यांचं पारणं फिटतं. केझिकजवळच्या डरवेंटवॉटरमध्ये लाँच तलावाला फेरी मारते, मधे मधे धक्के आहेत, वाटेल तिथे उतरायचं, काठाने थोडं चालायचं आणि पुढच्या धक्क्यावरून परत लाँच पकडायची, दमले तर नुसतं बसून राहायचं. हे मला फार आवडतं.

पाऊस मे मध्येही येतो, छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट घ्या, काठावर वारा असतो. आणि शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा.