वडिलांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, लेहला नेलं तर स्ट्रोकचा धोका वाढतो का?

वडील 58 वर्षांचे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168, बीपीची गोळी चालू आणि जूनमध्ये विमानाने थेट लेह, मग पँगाँगला मुक्काम, असं तुम्ही लिहिलंय. मी आर्मीत लॅबला होतो, लेहला पोस्टिंग झालंय, त्यामुळे डॉक्टर नसलो तरी वर रक्ताचं काय होतं ते रोज बघितलंय.

तो 168 आकडा चार दिवसांत कुठे पळत नाही हो. एलडीएलमुळे रक्तवाहिनीत बसलेला थर वर्षानुवर्षांचा असतो, तो वडील घरूनच घेऊन जाणार. वर बदलतं ते वेगळंच. लेह 3500 मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण 65 टक्के, ऑक्सिजनही त्याच हिशोबात. पहिल्या दोन दिवसांत लघवी जास्त होते, हवा कोरडी, श्वास जोरात, त्यात तहान लागत नाही, म्हणजे रक्तातलं पाणी कमी आणि लाल पेशी तेवढ्याच, झालं रक्त घट्ट. किडनी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन, लगेच सोडायला लागते, आणि आठवडेच्या आठवडे राहिलं की मग पेशीच वाढतात. महिनोन्महिने पोस्टवर राहून खाली आलेल्या जवानांचं सॅम्पल सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं मशीन) काढलं की नळीत लाल भाग अर्ध्याच्या वर दिसायचा. अशा तरण्याताठ्या पोरांना स्ट्रोक आल्याच्या केसेस आर्मीच्या डॉक्टरांनी छापल्यात.

पण वडील आठवडाभरच जाणार, त्यांना जास्त सांभाळायचंय ते बीपी. ऑक्सिजन कमी पडला की पहिले काही दिवस बीपी वर जातं, थंडीने अजून. आणि नेमकं तेव्हाच लोक प्रवासात सारखं लघवीला लागतं म्हणून गोळी बंद करतात! बीपीची नाही, स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर ती पण नाही, एकही गोळी चुकवू नका. लेहला पहिले दोन दिवस हॉटेलवर नुसता आराम, दारू-सिगरेट बंद.

पँगाँगचा मुक्काम मात्र मी सरळ काढून टाकेन. डोकेदुखी, मळमळ हा विरळ हवेचा त्रास, पण अचानक तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक समजा, उंचीमुळे होतंय म्हणून झोपवून ठेवू नका. स्ट्रोक मेंदूतल्या गुठळीने असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत लागतं, त्याआधी सीटी स्कॅन, आणि पँगाँगहून लेह गाठायलाच पाचेक तास, मध्ये 5300 मीटरच्या वरचा चांग ला हा घाट. त्यापेक्षा अल्चीकडे जा, लेहपेक्षा खाली आहे, रस्ता सिंधूच्या कडेने, गोम्पा (बौद्ध मठ) तर बघण्यासारखाच.

डायमॉक्सचं (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही आधी सांगा. आणि व्हॉट्सअॅपवर वाचून स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन देऊ नका, मेंदूत रक्तस्राव असेल तर उलट जास्त बिघडतं.