शनिवारी दुकान बंद

चि. भाच्यास,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

बाबांचं किराणा दुकान तू पुढे चालवणार हे वाचून बरं वाटलं. प्रश्न मात्र मोठ्या हुशारीने विचारलायस: शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या आपल्या विश्रांतीच्या दिवशी, आपण सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात), गल्ल्यावर नोकर, शटर उघडं, चालेल का? हिशेब मलाही कळतो. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली नि शनिवार-रविवारी अलिबागेत मुंबईच्या गाड्यांची रीघ लागली. शनिवारच्या गल्ल्यावर आठवडा निघतो.

तरीही बंद ठेव.

आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, वाडवडिलांना सगळं कोकण शनिवार तेली म्हणायचं. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद. आणि दहा आज्ञांमध्ये ही सुट्टी एकट्या मालकाला दिलेली नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका माणूस, सगळ्यांना आहे. म्हणजे घाण्याच्या बैलालासुद्धा सुट्टी होती. आणि तू पोराला गल्ल्यावर बसवणार! त्यालाही शनिवारची भरपगारी रजा दे, रविवारी दोघं मिळून उघडा. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो; दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचं म्हणजे शुक्रवारी शटर कधी ओढायचं, तेही ठरवून टाक. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास, तेव्हा वेळ बदलत राहणार. दारावर कागद लाव, गिऱ्हाइकाला सवय होते.

गिऱ्हाईक तुटतं ते सुट्टीमुळे नाही, मापामुळे. मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात बाबा बथ्रा नावाचा भाग आहे, दुपारी गर्दी नसताना वाच. दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा धुवावीत, वजनं एकदा पुसावीत, तराजू मात्र दर तोलणीनंतर साफ करावा, असं त्यात सांगितलंय. तेल मापाला आतून चिकटतं, थर चढत जातो, माप बारीक होतं. मालकाच्या मनात पाप नसलं तरी गिऱ्हाईक नागवलं जातं. तिथेच असंही आहे की तेल ओतून झाल्यावर विकणाऱ्याने आणखी तीन थेंब गळू द्यावेत, पण दुकानदाराला त्यातून सूट, कारण त्याच्या दारात माणसं खोळंबलेली असतात. हे लिहिणाऱ्यांनी दुकानं जवळून पाहिली होती, मला तर शंकाच नाही. तुझा काटा आता इलेक्ट्रॉनिक. वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घेशीलच. पण ताटलीला चिकटून राहिलेल्या गुळाचे पैसे गिऱ्हाइकाने मोजलेले असतात, तो खात्याच्या कागदावर दिसत नाही. ओलं फडकं काट्याशेजारीच ठेव.

हमालाची मजुरी सूर्य मावळायच्या आत हातावर ठेवायची. हे तर तोरातच, आपल्या मूळ धर्मग्रंथातच आहे, त्यात माझं काही नाही.

आता समाजाचं. 1948 नंतर आपली बहुतेक माणसं इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबाला गेली. अलिबागेत मागेन आबोथ सिनेगॉग 1848 पासून आहे, पण इस्रायल आळीतून दहा पुरुष गोळा करायचे तर आज फोन फिरवावे लागतात. दहा झाल्याशिवाय कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना, होत नाही. एखाद्या मंगळवारी भर गर्दीत तुला फोन येईल: कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी आहे, आठ जमलेत, नववा पनवेलहून निघालाय. जायचं. नोकरीवाल्याला साहेबाची परवानगी लागते, तुला नुसतं शटर ओढायचंय. इंग्रजांच्या काळात आपले लोक पलटणीत नि कचेरीत शिरले, घाणे सुटले, पगार बरे मिळाले. पण आपल्या वेळेवर आपलाच हक्क, ही गोष्ट तेव्हाच गेली. ती तुझ्याकडे परत आली आहे. दहावा माणूस कमी पडतो तेव्हा ती वापर. नुसती देणगी देऊन सुटू नकोस. पाटीवर नाव लागतं नि माणसाला वाटतं, झालं आपलं काम.

मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मायमोनिदिस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्याच्या मते सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभं करणं, म्हणजे पुन्हा हात पसरायची वेळ येत नाही. हे आमदारापेक्षा किराणा दुकानदाराला सोपं. बारावी होऊन आळीत रिकामी फिरणारी पोरं तुला ठाऊक आहेत. एकाला मालाची खरेदी शिकव. तो आपलाच असला पाहिजे असं नाही.

उधारीबद्दल तू विचारलं नाहीस, पण सगळ्यात जास्त त्रास तिचाच होणार, तोही आपल्याच माणसांकडून. नड असेल त्याला दे, व्याज लावू नकोस, पण वहीत लिही आणि त्याच्यासमोर लिही. तोंडी उधारीने नात्यातली बोलाचाली बंद होते. वही दर महिन्याला घरच्यांनाही दाखव. दुकानाची काळजी एकट्याने वाहायची नसते.

नव्याच्या सणानंतर, म्हणजे आपल्या नववर्षानंतर, आमच्याकडे मलिदा, आपला गोड पोह्यांचा प्रसादाचा विधी, आहे. पोहे, नारळ, वेलची तुझ्याकडूनच घेणार. भाव नेहमीचा लाव आणि बिल दे. मामा म्हणून फुकट दिलंस तर पुढच्या वेळी मी दुसरीकडे जाईन.

तुझा,
मामा